खोगीर आणि खोगीरभरती

चतुर्थीच्या नेवरीला हाताने घातलेली मुरड हवी, की कातण्याने कापलेली कड चालेल, या विषयावर आम्ही दोन वर्षांपूर्वी भरल्या घरात एक छोटेखानी व्याख्यान झोडले. महाराष्ट्रात जिला करंजी म्हणतात तीच आमच्या गोव्यातली नेवरी, हे दूरदूरच्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो. आमच्या आईच्या हातची मुरड कशी असे, देवापुढच्या ताटातली एकेक नेवरी कशी वेणी घातल्यासारखी दिसे, आणि आजकाल कातण्याच्या चाकाने सारे कसे एकसाची होऊन गेले आहे, असा तो विषय होता. मुख्याध्यापकाला आयते श्रोते मिळाले की त्याला थांबणे जड जाते. सौभाग्यवती त्या वेळी पंक्तीत वाढीत होती. ती काहीच बोलली नाही. रात्री पाहुणे निजल्यावर तिने आपला उजवा हात आमच्यापुढे धरला आणि म्हणाली, "अहो, इथे अंगठ्याच्या मुळाशी जरा बोट लावून बघा. हळू हं."

तिथे हाडाचा एक कोपरा उंचवट्यासारखा वर आला होता. आम्ही बोट टेकविले मात्र, तिचा श्वास अडकला.

तीन वर्षे हे दुखणे चालू होते. लोणच्याच्या बरणीचे झाकण शेजारच्या मुलीला हाक मारून उघडून घ्यावयाचे, कुलपात किल्ली डाव्या हाताने फिरवावयाची, आदोळीवर बसून नारळ खोवण्याऐवजी काप करून ते मिक्सरमध्ये टाकावयाचे, ओले कपडे पिळून न घेता तसेच निथळत टाकावयाचे, अशा नाना युक्त्यांनी तिने ते झाकून ठेवले होते. शेवटच्या बाकावरच्या मुलाला फळ्यावरचे दिसेनासे झाले, तर ते आठवड्याच्या आत आम्ही ओळखतो. या ओळखण्याचा आम्हांस थोडा अभिमानही आहे. घरात मात्र तीन वर्षे आम्ही नुसते जेवलो. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

आमचे कारापूर हे डिचोली तालुक्यातले गाव, साखळीला अगदी लागून, वाळवंटी नदीच्या काठचे. गावातल्या विठ्ठलापूरच्या विठ्ठलमंदिरामुळे ते ठाऊक असणारे लोक दूरवर आहेत. येथील बायकांचे हात म्हणजे चिमटीचे हात. आदोळीवर नारळ खोवणे, अबोलीचे वळेसर करणे, वाती वळणे, आणि मार्चपासून मे महिन्यापर्यंत काजूच्या बोंडांपासून बिया पिळून वेगळ्या करणे, या साऱ्या कामांत अंगठा आणि तर्जनी यांना क्षणाची उसंत नसते. पुढे सौभाग्यवतीच्या हाताची बातमी वाड्यावर पसरली, तेव्हा एकेक करून सात-आठ जणी घरी येऊन गेल्या. प्रत्येकीने आपला अंगठा पुढे केला आणि "माझेही इथेच दुखते" म्हणून सांगितले. कोणी तेल चोळीत होती, कोणी चुन्याचा लेप लावीत होती. डॉक्टरकडे मात्र त्यांतली एकही गेली नव्हती. अंगठा दुखतो म्हणून काय कोणी दवाखान्यात जाते?

आम्ही गेलो. पहिल्या डॉक्टरांनी हातात हात न घेताच, "वयोमानाने व्हायचेच" असे सांगून गोळ्या लिहून दिल्या. ते कोण, कोठले, हे सांगून काही लाभ नाही. पुढे एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. आमच्या हाताखाली आठवी ते दहावी शिकलेला हा मुलगा आज हाडांचा शल्यचिकित्सक आहे आणि त्यातही हाताच्या शस्त्रक्रियेत त्याने विशेष शिक्षण घेतले आहे. तो आमच्या घरी अजून "सर" आणि "बाई" अशीच हाक मारतो. त्याने सौभाग्यवतीचा अंगठा दोन बोटांत धरला, मुळाकडे किंचित दाबून जात्याच्या खुंट्यासारखा फिरविला. ती कळवळली आणि आत काही खरखरल्याचे आम्हांलाही जाणवले. "बाई, हा आमवात नव्हे, ही झीज आहे," तो म्हणाला. मग क्ष-किरणांचे चित्र काढून त्याने आम्हांला शिकवावयास आरंभ केला. इतक्या वर्षांनी आम्ही बाकावर आणि तो फळ्याशी!

त्याने सांगितले ते आमच्या भाषेत असे. मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांतले एक अंगठ्याच्या बरोबर मुळाशी. त्याचे नाव ट्रॅपेझियम. भूमितीत आपण ज्याला समलंब चौकोन म्हणतो त्याचेच हे इंग्रजी नाव, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छोटे मेज, म्हणजे आपला चौरंगच म्हणा ना. या चौरंगाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो. तो घोड्याच्या खोगिरासारखा असतो, एका दिशेने खोलगट आणि दुसऱ्या दिशेने फुगीर. अंगठ्याचे हाड त्यावर स्वारासारखे बसते. म्हणून अंगठा पुढे-मागे झुकतो, आत-बाहेर होतो आणि वळून प्रत्येक बोटाच्या टोकाला भेटतो. लेखणी, सुई, विळी, वीणा, ही सारी त्या खोगिराची कृपा. पण जो सांधा इतका मोकळा, तो तितकाच झिजण्याच्या धोक्यातही असतो. १९७७ साली कूनी आणि चाओ या दोघा संशोधकांनी याचे गणित मांडले होते. साध्या चिमटीत या सांध्यावर सरासरी १२ किलोंचा दाब येतो, आणि एखादी वस्तू मुठीत घट्ट आवळली तर तो १२० किलोंपर्यंत जाऊ शकतो. हाडावरची गुळगुळीत कूर्चा वर्षानुवर्षे हा भार सोसते आणि एके दिवशी विरते. मग हाडावर हाड घासू लागते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना, आणि त्यातही पाळी गेल्यानंतरच्या वयात, हे अधिक होते. चित्रात झीज फार दिसली म्हणजे दुखणेही फार असेलच असे नाही, हे त्याने आवर्जून सांगितले. चित्रावर शस्त्रक्रिया करावयाची नसते, असे त्याचे म्हणणे.

आरंभी त्याने हत्याराचे नावही काढले नाही. अंगठ्याला आधार देणारी पट्टी, शेक, वेदनाशामक मलम, जाड मुठीची विळी, जाड दांड्याचा झारा आणि बरणी उघडण्यासाठी रबराचा तुकडा, एवढ्यावर सहा महिने गेले. मग सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. तीन महिने ती अगदी पूर्वीसारखी वावरली. दुसऱ्या इंजेक्शनाचा गुण पुरता महिनाभरही टिकला नाही. पुढची चतुर्थी आली तेव्हा नेवऱ्या शेजारणीने करून दिल्या आणि आम्ही मुरडीविषयी चकार शब्द काढला नाही. रात्री कूस बदलताना हात अंगाखाली आला की ती दचकून उठे. तेव्हा एके दिवशी तिनेच विचारले, "आता काय ते कापाकापीचे सांग."

"बाई, ते हाडच काढून टाकायचे," तो म्हणाला. आणि आमच्याकडे वळून थोडेसे हसून पुढे म्हणाला, "सर, एकलव्याची गोष्ट तुम्हीच आम्हाला शिकविली. इथे उलटेच झाले, शिष्यच गुरूच्या घरी अंगठ्याचे दान मागायला आला आहे."

विनोद आम्हांला समजला, पण हसू आले नाही. झिजलेली वस्तू दुरुस्त करावी, नाही तर तिच्या जागी नवी घालावी, एवढे आम्हांस कळते. पण पायाचा दगडच काढून घ्यावयाचा आणि वरची भिंत उभी राहील म्हणावयाचे, हे कसले शास्त्र? मात्र शास्त्र आहे आणि जुनेही आहे. गर्व्हिस नावाच्या इंग्लंडमधील शल्यचिकित्सकाने १९४९ साली या दुखण्यासाठी हे हाड समूळ काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. वेदना थांबल्या, पण पुढच्या शल्यचिकित्सकांना आमच्यासारखीच शंका सतावू लागली. मोकळ्या झालेल्या जागेत अंगठा खाली घसरेल, आखूड होईल, चिमटीतले बळ जाईल. म्हणून त्या पोकळीत काही तरी भरण्याची खटपट सुरू झाली. अमेरिकेतील स्वान्सन यांनी सिलिकोनचे कृत्रिम हाड बसविले. काही वर्षांतच ते सरकू लागले, झिजू लागले आणि त्याच्या कणांनी आजूबाजूला सूज येऊ लागली. फ्रॉइम्सन यांनी १९७० साली रोग्याच्याच हातातील कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची, गुंडाळी करून त्या पोकळीत ठेवली. या गुंडाळीला शल्यचिकित्सकांच्या बोलीत अँकोव्ही म्हणतात, आणि अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. हे ऐकल्यावर मात्र सौभाग्यवती खुदकन हसली. "हातात मांदेली घालणार होय रे?"

पुढे १९८६ साली बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी याहून बांधीव रीत सांगितली. मनगट वाकविणाऱ्या एका कंडरेची पट्टी मोकळी करावयाची, अंगठ्याच्या हाडाला भोक पाडून तीतून ओवावयाची, म्हणजे अंगठा झोळीत टांगल्यासारखा वर राहतो. आणि उरलेल्या पट्टीची गुंडाळी पोकळीत भरावयाची. जगभर हीच रीत रूढ झाली. आमचा विद्यार्थीही हीच शिकला आणि कितीतरी वर्षे हीच करीत आला. कंडरा उसनी घेऊन हाताला नवे बळ देण्याची कल्पना आपल्या देशाला काही नवी नव्हती. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांत दुसरीकडच्या कंडरा आणून जोडल्या आणि त्यांना पुन्हा कामाला लावले. ज्या हातांना लोक शिवत नसत, त्या हातांवर हे शास्त्र आपल्याकडे वाढले, हे आम्हांस त्या दिवशी पहिल्याने कळले.

आम्हांला अर्थातच ही ओवण्या-विणण्याची रीत पसंत पडली. मोठे काम, अधिक कौशल्य, म्हणून अधिक चांगले, असे कोणालाही वाटेल. पण विद्यार्थी मान हलवू लागला. नॉटिंगहॅम येथील डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६२ स्त्रियांच्या १८३ अंगठ्यांवर केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला आहे. कोणाला कोणती रीत मिळावी हे सोडतीसारखे ठरवून त्यांनी तीन गट पाडले. एका गटात नुसते हाड काढले, दुसऱ्यात पोकळीत कंडरा भरली, तिसऱ्यात अंगठा टांगलाही आणि पोकळी भरलीही. वर्ष झाल्यावर तपासले तो वेदना, बळ, हालचाल, कशातही तिन्ही गटांत म्हणण्यासारखा भेद नाही. तेच रुग्ण पुढे पाच ते अठरा वर्षांनी पुन्हा तपासले, ते २०१२ साली छापून आले, तेव्हाही नाही. मग ती रिकामी जागा? ती रिकामी राहतच नाही. तिच्यात रक्त साकळते आणि त्या गाठीचे हळूहळू चिवट तंतूंच्या गादीत रूपांतर होते. अंगठा थोडा खाली येतो खरा, पण तो भरलेल्या हातातही येतोच; आणि तो किती खाली आला याचा दुखण्याशी फारसा संबंध आढळत नाही.

आम्ही इतका वेळ ऐकत होतो, तो एकदम उद्गारलो, "म्हणजे ही शब्दशः खोगीरभरती!"

मराठीच्या मास्तराला याहून मोठा आनंद नाही. खोगिरात भुसा, चिंध्या, हाताला येईल ते कोंबीत, म्हणून निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणावयाचे. चाळीस पानांच्या निबंधात आम्ही आयुष्यभर लाल शाईने हा शब्द लिहीत आलो. आज तो मनगटाच्या आत सापडला! विद्यार्थ्याने मात्र आम्हांला तिथल्या तिथे आवरले. "सर, इतके सोपे नाही. खोगीरभरती म्हणून ती हसण्यावारी नेऊ नका. ज्यांनी भरले त्यांचे रोगीही बरे झाले आहेत. भरल्याने बिघडले असे नाही. भरल्याने अधिक सुधारले असे दिसत नाही, एवढेच. शिवाय भरण्यासाठी एक कंडरा जाते, एक चीर वाढते, वेळ वाढतो." ज्याला उद्या पहार धरावयाची आहे अशा तरुण कामकऱ्याचा तो सांधा कित्येकदा गोठवून टाकतात, म्हणजे दोन्ही हाडे एकसंध करतात, फिरणे कमी होते, बळ राहते. फ्रान्स-बेल्जियममध्ये हल्ली कृत्रिम सांधा बसविण्याकडे कल वाढला आहे. हेही त्याने लपविले नाही. दोष कोणत्या रीतीत नाहीत? जवळून जाणारी संवेदनेची नस दुखावली तर अंगठ्याची पाठ बधिर राहू शकते, व्रण हुळहुळा राहू शकतो, आणि हाताला पुरते बळ यावयास सहा महिने, कधी वर्षही लागते.

या सगळ्या चर्चेत जिचा हात, तिला आम्ही दोघांनीही विचारले नव्हते. तिने स्वतःच विचारले, "जागा रिकामी ठेवून चालते, तर भरायची कशाला? माझी ती दोरी राहू दे तिच्या जागी." झाले. आमच्या वाचनाचा आणि व्याख्यानाचा तेथे निकाल लागला.

मार्गशीर्षात शस्त्रक्रिया झाली. पूर्ण भूल दिली नाही, फक्त हात बधिर केला. ती जागी होती. तासाभरात ते हाड निघाले. अखंड निघत नाही, तुकडे करून काढावे लागते. विद्यार्थ्याने ते एका वाटीत आणून आम्हांला दाखविले. चारआठ तुकडे, एखाद्या मुलाने खडू पायाखाली तुडवावा तसे दिसत होते. तीस वर्षांचे नारळ, वाती, अबोली आणि आमचे डबे त्या वाटीत होते. आम्ही पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही.

मग प्लास्टर, पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांत घर आमच्या हाती आले. आदोळीवर बसल्यावर आमच्या ध्यानात आले की नारळ खोवण्यासाठी नारळ फिरवावा लागतो आणि तो अंगठ्याने फिरवावा लागतो. पहिल्या दिवशी खोबऱ्याबरोबर आमच्या बोटाचे थोडे सालही गेले. वर्षानुवर्षे ज्याला सही येत नाही त्याला आम्ही शाळेत अंगठेबहाद्दर म्हणत आलो. पालकसभेत थोड्या उपहासानेच म्हणत आलो. कपडे पिळताना आमच्या अंगठ्याला रग लागली, त्या संध्याकाळी या शब्दाची आम्हांला थोडी लाज वाटली. असो.

प्लास्टर निघाल्यावर जो अंगठा दिसला तो सुकलेला, ताठर आणि अनोळखी. शाळेतल्या मुलाला अक्षर गिरवावयास लावावे तसे व्यायाम होते. अंगठ्याचे टोक प्रथम तर्जनीला टेकवावयाचे, मग मधल्या बोटाला, मग अनामिकेला, आणि करंगळीपर्यंत पोहोचावयास दोन महिने गेले. वाटेत निराशेचे दिवसही आले. फाल्गुनात एकदा ती रडली, "पूर्वी निदान दुखत तरी होते, आता तर काहीच धरवत नाही." विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नका. आम्ही वार्षिक परीक्षेचे पेपर तपासणारे. आम्हांला हे पटावयास हवे होते.

चैत्रात विठ्ठलापूरच्या उत्सवाला दोघेही गेलो. पहाटेच्या भजनात तिने टाळ घेतले. थोडा वेळ वाजविले आणि मांडीवर ठेवून दिले. गाभाऱ्याकडे पाहत हळूच म्हणाली, "याचे बरे आहे. युगानुयुगे हात कमरेवर." पण रात्री कूस बदलताना आता ती दचकत नव्हती, हे आमच्या ध्यानात आले. या खेपेस आमच्या ध्यानात आले, हे मुद्दाम लिहितो.

उजवा अंगठा डाव्यापेक्षा किंचित आखूड झाला आहे. दोन्ही हात जोडले की दिसते. लोणच्याची बरणी अजून आम्हीच उघडतो. बटणे, सुई, किल्ली, लेखणी यांत मात्र आता काही अडत नाही. वाड्यावरच्या त्या सात-आठ जणींपैकी दोघी आता पट्टी बांधून आदोळीवर बसतात. एकीला इंजेक्शनाने गुण आला. बाकीच्या अजून तेलच चोळतात.

यंदाच्या चतुर्थीला तिने पिठाचा गोळा घेतला, पारी लाटली, सारण भरले आणि कड चिमटीत धरून मुरड घालावयास आरंभ केला. आम्ही शेजारी कातणे घेऊन बसलो होतो. देवासाठी एकवीस नेवऱ्या करावयाच्या होत्या. पाच झाल्यावर तिने अंगठा झटकला, थोडा चोळला आणि उरलेल्या पाऱ्या आमच्याकडे सरकविल्या. आमच्या सोळांच्या कडा वाकड्यातिकड्या झाल्या. तळताना तीन फुटल्या. पाहुणे जेवावयास बसले, तेव्हा तिने मुरडीच्या पाच देवापुढे ठेवल्या होत्या आणि पंक्तीत आमच्याच वाढल्या. मुरडीविषयी कोणी काही विचारले नाही.